बैलगाडी शर्यत, खिल्लार आणि आपली मैदानं: सातारा-सांगलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव विट्याजवळ, खानापूर तालुक्याच्या माळावर. दावणीला आज दोन खिल्लार खोंड आहेत. जत्रेच्या दिवसांत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी परराज्यात गेलेली माणसं बायकापोरांसह गावी येतात. त्यांची मुलं गोठ्यात येऊन बसतात आणि विचारत राहतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचंही तेच. तेच तेच प्रश्न इतक्यांदा कानावर आले, की उत्तरं एका जागी लिहून ठेवावीत असं वाटलं.

बैलगाडी म्हणायचं की बैलगाडा?

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पुणे जिल्ह्याच्या पट्ट्यात तो बैलगाडा. तिथं चढाची धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा पळतो, पुढं घोडीवर स्वार असतो आणि निकाल घड्याळावर, सेकंदांत लागतो. विदर्भात याच वेडाला शंकरपट म्हणतात.

आपल्याकडं सातारा-सांगलीत बैलगाडी, नाहीतर नुसती ‘गाडी’. सपाट मैदानावर शेजारीशेजारी तास, म्हणजे पळायच्या पट्ट्या, पाडलेले असतात आणि पाच-सात गाड्या एकदम सुटतात. पहिली झेंड्याला पोचेल ती जिंकली. घड्याळ लागत नाही. मिरज आणि कोल्हापूरच्या बाजूला आणखी एक प्रकार गाजायचा, ‘आरत-परत’. लांब जायचं, निशाणाला वळसा घालायचा आणि परत यायचं. त्यात नुसता वेग पुरत नाही, दम लागतो.

ही परंपरा सुरू कधी झाली?

एखाद्या राजानं अमुक साली सुरू केली, असा हा खेळ नाही. तीन ठिकाणांहून तो आला: बेंदूर, जत्रा आणि जनावरांचा बाजार.

बेंदूर म्हणजे आपला बैलांचा सण. बाकी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी श्रावणी अमावास्येला पोळा करतात, पण आपल्याकडं कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. सांगली जिल्ह्यात एका गावात हा, तर शेजारच्या गावात तो. त्या संध्याकाळी वेशीवर ‘कर’, म्हणजे तोरण, बांधतात आणि सजवलेले बैल पळवत नेऊन ती तोडतात. कुणाच्या बैलानं कर तोडली, याची चर्चा पुढं आठवडाभर चालते. बक्षीस काही नसतं. बैलाचं नाव होतं, तेवढंच.

दुसरी जत्रा. पुसेगाव, म्हसवड, खरसुंडी, औंध इथं माणसं गाड्या जुंपून जायची. दोन गाड्या एका वाटेला लागल्या की बैल आपोआप कान टवकारतात. हे ज्यानं गाडी हाकली आहे त्याला सांगायला नको.

आणि तिसरा बाजार. माझा आज्जा सांगायचा, खरसुंडीच्या पौषी यात्रेत खोंड विकायला उभा केला की गिऱ्हाईक दात बघायचं, खूर बघायचं, पाठीवरून हात फिरवायचं आणि शेवटी म्हणायचं, “पळवून दाखव.” मग मोकळ्या रानात खोंड पळवायचा. शेजारचा विकणाराही आपला सोडायचा. भाव तिथं ठरायचा. आजच्या मैदानाचं मूळ मला सगळ्यात जास्त या बाजारातल्या पळवून दाखवण्यातच दिसतं.

सगळीकडे खिल्लारच का? दुसरा बैल पळत नाही का?

पळतो, पण खिल्लारासारखा नाही.

‘खिल्लार’ म्हणजे मुळात जनावरांचा कळप. कळप घेऊन फिरणाऱ्या लोकांनी ही जात राखली, म्हणून तेच नाव जातीला चिकटलं. म्हैसूरकडच्या हळ्ळीकर आणि अमृतमहाल जनावरांशी तिचं नातं सांगतात. तिचं घर मात्र आपला माणदेश: माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत. इथं पाऊस साधारण ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही लहरी. जमीन मुरमाड, चारा कमी, चालणं जास्त. असल्या मुलखात जे जनावर टिकलं ते आपोआप हलकं, काटक आणि पायानं चपळ झालं. आटपाडी भागातल्या जनावरांना ‘आटपाडी महाल’ खिल्लार म्हणतात, कारण आटपाडी हा औंध संस्थानातला महाल होता. म्हसवडकडचं ते म्हसवड खिल्लार. संस्थान गेलं, पण बैलाच्या नावात महाल अजून आहे.

आमचा हरण्या समोर उभा आहे असं समजा. अंग पांढरं, मान आणि खांद्यावर राखाडी झाक. तोंड लांबट, कपाळाच्या मधे उभी खाच. शिंगं मुळाशी जवळजवळ, मागं वाकून पुन्हा वर उठलेली. कातडी इतकी ताणलेली की माशी बसली तर ती जागा तेवढीच थरथरते. खूर काळे, कठीण. आणि डोळा! पिकअपचं इंजिन सुरू झालं की तो डोळा बदलतो. गोठ्यात मान खाली घालून कडबा खाणारं जनावर क्षणात ताठ होतं. त्याला कळलेलं असतं, आज मैदान आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. खिल्लार गाय दूध देते ते वासराला आणि घरातल्या चहाला पुरेल एवढंच. म्हणजे ही जात दुधावर जगू शकत नाही. नांगर, मोट आणि गाडी यांवरच ती जगली. मोट इंजिनानं नेली, नांगर ट्रॅक्टरनं. राहिली ती गाडी, आणि गाडीतही मालवाहतूक टेम्पोकडं गेली. उरली शर्यत. खिल्लार आणि शर्यत ही दोन नावं मला वेगळी करता येत नाहीत, त्याचं कारण हे.

‘पैरा’ म्हणजे काय? प्रत्येक मैदानात हा शब्द ऐकू येतो.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

पूर्वी प्रत्येक शेतकऱ्याकडं दोन बैल नसायचे. आमच्या आज्जाकडं एकच होता. नांगराला, पेरणीला जोडी तर लागते. मग शेजारच्या भावकीतल्या एकबैली माणसाशी पैरा करायचा. तुझा एक, माझा एक. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. हिशेब वहीत नसायचा, शब्दावर चालायचा. पैरा मोडला तर पेरणी बुडायची, म्हणून भांडण झालं तरी पैरा मोडत नव्हते.

तोच शब्द आज शर्यतीत आला आहे. एका मालकाचा एक बैल, दुसऱ्याचा दुसरा. कुणाचा कुणाशी पैरा जुळतो, यावर अर्धी शर्यत ठरते. दोन्ही बैल वेगवान असून भागत नाही. एकाची ढांग लांब आणि दुसऱ्याची आखूड असली तर गाडी वाकडी पळते. एक डावीकडं ओढणारा असेल तर त्याला त्याच बाजूला जुंपावं लागतं. खटावचा बैल आणि कडेगावचा बैल, मालकांची जातपात, पक्ष, गाव सगळं वेगळं, आणि जू मात्र एक. नांगर गेला, पेरणी यंत्रानं होते, तरी पैरा शिल्लक आहे. या खेळाबद्दल मला जी माया आहे तिचं मोठं कारण हा शब्द आहे.

मैदानावर दिवसभर काय घडतं?

‘मैदान’ म्हणजे आपल्याकडं जागाही आणि स्पर्धाही. “परवा मैदान आहे” असं म्हणतात.

पहाटे पहाटे पिकअप यायला लागतात. मागच्या हौद्यात खाली भुसा नाहीतर उसाचं पाचट, त्यावर बैल. उतरवताना पाय घसरू नये म्हणून बांधाला मागचा भाग लावतात. उतरला की आधी त्याला दोन पावलं फिरवायचं, मग पाणी दाखवायचं, पोटभर पाजायचं नाही. अंगावर झूल. कुणीतरी मांडीपासून खुरापर्यंत हात फिरवत बसलेला असतो. माझा चुलता हे काम कुणालाच करू देत नाही. बोटांनी तो प्रत्येक शीर तपासतो आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत राहतो. काय म्हणतो, हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही.

नोंदणी झाली की चिठ्ठ्या. कोणता गट आणि कितवा तास, ते चिठ्ठीवर. तास म्हणजे नांगराच्या सरीसारखी आखलेली पट्टी. शेतीतलाच शब्द. कडेचा तास आला तर बैल गर्दीला बुजतो, मधला आला तर दोन्ही बाजूंच्या गाड्यांची धास्ती. तक्रार करायची नाही, चिठ्ठी ती चिठ्ठी.

गाड्या सुटतात त्या जागी सगळ्यात जास्त जीव टांगणीला लागतो. प्रत्येक जोडीला समोरून धरून उभी असलेली माणसं असतात, त्यांना सुट्टी मेकर म्हणतात. बैल मागच्या पायांवर येतात, जू कुरकुरतं, धुरळा उठायला सुरुवात झालेली असते. सगळ्या गाड्या एका रेषेत आल्या पाहिजेत. एक पुढं, एक मागं, पुन्हा माघारी घ्या. निवेदकाचा आवाज चढत जातो. झेंडा पडतो, माणसं बाजूला उड्या घेतात आणि त्या क्षणी मैदानावर कुणी कुणाचं ऐकत नाही.

पळ संपायला थोडेच सेकंद लागतात. शेवटी झेंडा पंच उभे असतात, त्यांचा शब्द अखेरचा, अलीकडं कॅमेराही असतो. तास सोडून गाडी दुसऱ्याच्या पट्टीत गेली तर ती बाद. गटात पहिली आलेली गाडी सेमीला, सेमीतून फायनलला. म्हणजे जिंकणारा बैल दिवसात तीनदा पळतो. गट आणि सेमीच्या मधे त्याला किती सावली, किती शांतता दिली, याच्यावर संध्याकाळचा गुलाल ठरतो. फायनल बहुतेक दिवस मावळताना होते. गुलाल पांढऱ्या बैलावर पडतो तेव्हा तो गुलाबी दिसतो, आणि घरी गेल्यावर दोन दिवस तो धुवायचा नाही असा आमच्या आईचा हट्ट असतो.

आदत, दुसा, चौसा हे काय?

वय. ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत तो आदत. पुढचे दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा, आठही आले की जुळला. जन्मदाखला नसलेल्या जनावराचं वय असंच कळतं. काही मैदानं फक्त आदतची असतात, म्हणजे कोवळ्या खोंडांना जुळलेल्या बैलापुढं उभं राहावं लागत नाही. ‘ओपन’ म्हणजे कुणीही.

छकडी म्हणजे तीच शेतातली गाडी का?

नाही. शेतातली गाडी जड, माल ठेवायचा साठा असलेली. छकडी म्हणजे दोन चाकं, दांडी, जू आणि हाकणाऱ्याला टेकायला नावापुरती जागा. हाकणाऱ्याला सगळे ड्रायव्हर म्हणतात. तो अंगानं हलका आणि मनानं घट्ट लागतो. चांगल्या ड्रायव्हरला बैल आवाजावरून ओळखतो.

सातारा-सांगलीत नावाजलेल्या जागा कोणत्या?

पुसेगाव पहिलं. खटाव तालुक्यातल्या या गावात सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षात भरते. रथ नोटांच्या माळांनी झाकून जातो आणि यात्रेतलं बैलगाड्यांचं मैदान ‘हिंदकेसरी’ म्हणून ओळखलं जातं. पुसेगावात गुलाल लागला, एवढं सांगितलं की पुढं काही सांगावं लागत नाही. त्याच तालुक्यातलं पेडगावही शर्यतवाल्यांच्या तोंडी असतं.

म्हसवडला सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला निघतो. खरसुंडीला सिद्धनाथाची पौषी यात्रा, तिथला खिल्लारांचा बाजार बघण्यासारखा. बैल विकत घ्यायचा नसला तरी जा. शेकडो पांढरी जनावरं एका माळावर बांधलेली असतात आणि सौदा अजूनही उपरण्याखाली बोटं धरून करणारी म्हातारी माणसं तिथं भेटतात.

शर्यत नसली तरी वाई तालुक्यातल्या बावधनचं बगाड, म्हणजे नवसाचा लाकडी गाडा, इथं सांगायलाच हवं. रंगपंचमीला भैरवनाथाच्या नावानं निघतं. एवढं मोठं लाकडी बगाड ओढायला बैलच लागतात, आणि धष्टपुष्ट खिल्लार त्यासाठी वर्षभर सांभाळले जातात. वेग आणि ओढ हे बैलाचे दोन गुण. एक मैदानात दिसतो, दुसरा बावधनला.

बंदी का आली होती?

हे जरा सविस्तर सांगतो, कारण यावर ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात.

मूळ कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा. त्यातल्या एका कलमानं केंद्र सरकार ठरवू शकतं, की अमुक प्राण्याचे खेळ करता येणार नाहीत. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह त्या यादीत होते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेनं त्यात बैलही आला. त्यानंतर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यती या दोन्हींवर बंदी कायम केली. न्यायालयाचं म्हणणं असं, की बैलाचं शरीर ओढकामाचं आहे, घोड्यासारखं पळण्यासाठी बनलेलं नाही, आणि त्याला पळवायला माणूस वेदना देतो.

या दुसऱ्या मुद्द्याला आपल्याकडं कुणी प्रामाणिकपणे उत्तर दिलं नाही, असं माझं मत आहे. त्याबद्दल पुढं लिहिलं आहे.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्रानं सूट देणारी अधिसूचना काढली, तिला पाचच दिवसांत स्थगिती मिळाली. जानेवारी २०१७ मध्ये जल्लिकट्टूसाठी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर तरुण जमले आणि तमिळनाडूनं स्वतःचा दुरुस्ती कायदा केला. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळानंही तसाच कायदा केला, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. गावात पेढे वाटले गेले. पण काही आठवड्यांतच मुंबई उच्च न्यायालयानं परवानग्यांना अंतरिम मनाई केली. तेव्हाचे पेढे आज्जाला शेवटपर्यंत आठवत होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे परिसरात आमदार गोपीचंद पडळकर यांनी बंदी असताना मैदान जाहीर केलं. शर्यत अडवायला माळावर चर खोदले गेले, नाकाबंदी झाली, तरीही २० ऑगस्टला पहाटे गाड्या पळाल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे, त्यातले नियम पाळून शर्यती घ्यायला वाट मोकळी केली. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. आज शर्यत कायदेशीर आहे ती या निकालामुळं, आणि नियमांच्या चौकटीतच.

बंदीच्या सात वर्षांत नेमकं काय गेलं?

आमच्या घरापुरतं सांगतो. २०१४ ला दावणीला तीन खोंड होते. दुसऱ्या वर्षी एक राहिला. पळणाऱ्या खोंडाला जो भाव यायचा तो पडला, आणि टेंभू योजनेचं पाणी आल्यावर गावात डाळिंब, द्राक्षं वाढली, ट्रॅक्टर आले. बैलाला कामच राहिलं नाही. खिल्लार गायीला जर्सीचं रेतन करून घेणारे वाढले. त्यांना दोष देता येत नाही. दूध डेअरीला घातलं की हातात पैसे येतात, खोंडाला तीन वर्षं खुराक घातला तरी येत नव्हते.

जे ठेवून होते ते हौसेनं, कर्जानं आणि हट्टानं ठेवून होते. माझ्या वडिलांनी त्या काळात हरण्याची आई विकली नाही. आई म्हणायची, “विका तिला, मुलाची फी भरा.” वडील गप्प बसायचे आणि सकाळी उठून आधी तिला वैरण टाकायचे. फी उशिरा भरली गेली, पण गाय राहिली. आज दावणीला जे आहे ते तिच्यामुळं.

शर्यती सुरू झाल्यावरही २०२२ मध्ये लम्पी, म्हणजे जनावरांच्या अंगावर गाठी उठणारा रोग, आला. बाजार बंद, मैदानं बंद. कित्येकांची जनावरं गेली. गोठ्यात धुरी करत आणि गाठींना लेप लावत रात्री काढल्या.

आता नियम काय आहेत?

आयोजकाला आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि ५०,००० रुपये अनामत ठेवावी लागते. धाव १,००० मीटरपेक्षा जास्त नाही. जुन्या लांब पल्ल्याच्या आरत-परत शर्यती या नियमात बसत नाहीत. जागा धावायला योग्य हवी. सार्वजनिक रस्त्यावर, खडकाळ किंवा चिखलाच्या जागी नाही. बैल धावण्यायोग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो, मैदानावर पशुवैद्यक आणि उपचारांची सोय लागते, चित्रीकरण करून द्यावं लागतं. चाबूक, काठी, टोकदार वस्तू, विजेचा झटका, काहीही चालत नाही. नियम मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

खरं सांगा, बैलाला त्रास होत नाही का?

होतो. जिथं माणूस लबाड असतो तिथं होतो.

सगळ्या शर्यतवाल्यांना माहीत असलेल्या गोष्टी आहेत. शेपटी पिळणं, ती चावणं, काठीच्या टोकाला आर, म्हणजे टोकदार खिळा, लावणं, आणि हातात मावणारी झटका देणारी बॅटरी. बंदीच्या काळात चोरून मैदानं व्हायची तेव्हा हे वाढलं, कारण बघायला कुणी नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका मैदानात आमचा हरण्या पैऱ्यात होता. ड्रायव्हर समोरच्या मालकानं आणलेला. गट जिंकला, सगळे नाचायला लागले. मी हरण्याला बाजूला घेतलं, शेपटीच्या मुळाशी हात फिरवला आणि हाताला ओलं लागलं. रक्त होतं. पांढऱ्या कातडीवर मधमाशी चावल्यासारखे तीन ठिपके. ड्रायव्हरच्या मुठीत खिळा होता, करंगळी आणि अनामिकेच्या मधे धरलेला, बाहेरून दिसू नये असा. वडील काही ओरडले नाहीत. त्यांनी जू उतरवलं, झूल टाकली आणि म्हणाले, “गाडीत घाल त्याला.” सेमीला आमचा तास रिकामा राहिला. समोरच्या मालकाशी पैरा तिथंच संपला, चाळीस वर्षांचं घरोब्याचं नातंही बिघडलं. परतीच्या वाटेवर हरण्या हौद्यात बसला नाही. घरापर्यंत उभाच होता.

त्या दिवसापासून आमच्या घराचा नियम आहे, की ड्रायव्हरनं हात उघडे करून दाखवल्याशिवाय गाडीला बसायचं नाही. काहींना राग येतो. येऊ दे. जे बैल पळतात ते मारानं पळत नाहीत. रोज पहाटे रानात फिरवलेला, पोहायला घातलेला, नीट खाल्लेला खिल्लार शेजारी दुसरी गाडी दिसली की स्वतःहून सुटतो. हे मी लहानपणापासून बघत आलो आहे. ज्याला खिळा लागतो त्याची मेहनत कमी पडलेली असते, बैलाची नाही. कोर्टात आपण जिंकलो ते नियम पाळू असं लिहून देऊन. तो शब्द पैऱ्यासारखा आहे.

खुराक काय असतो?

वैरण, कडबा, हिरवा मका. त्यावर भिजवलेली हरभऱ्याची डाळ, उडीद, खपली गव्हाचा भरडा, शेंगदाणा पेंड, घरचं दूध, काहीजण अंडीही देतात. खर्च माणसाच्या खाण्यापेक्षा जास्त होतो. मोठ्या मालकाला ते जमतं. लहान शेतकरी एकच खोंड ठेवतो, आणि म्हणून पुन्हा पैरा.

थार, ट्रॅक्टर, बुलेट, एवढी बक्षिसं कुठून येतात?

पूर्वी पितळी भांडं, फेटा, नारळ, फार तर ढाल. आता २०२३ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या भाळवणीला डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांनी घेतलेल्या ‘रुस्तुम-ए-हिंद’ मैदानाला पहिलं बक्षीस थार गाडी होती. माणसांचा असा सागर मी आयुष्यात पाहिला नव्हता. पैसा येतो तो पुढाऱ्यांकडून, प्रायोजकांकडून आणि आपल्या गलाई बांधवांकडून. कोईमतूरला नाहीतर कोलकात्याला सोनं गाळणारा माणूस गावच्या जत्रेत बक्षिसाला नाव देतो, कारण त्याचा आज्जाही कुणाच्या तरी पैऱ्यात होता.

मोठ्या बक्षिसानं खोंडाला भाव आला, हे चांगलं झालं. नावाजलेला बैल लाखोंत जातो. पण त्याचबरोबर घाई आली, आदत खोंडाला लवकर पळवणं आलं. मला गावच्या जत्रेतलं पाच-दहा हजारांचं मैदान जास्त आवडतं.

घोड्यांच्या शर्यती होतात का?

होतात. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात घोडागाडीचा शौक जुना आहे, जत्रांत बैलगाडीच्या बरोबरीनं घोडागाडीची शर्यतही ठेवतात. पण आमच्या माळावर घोडा पाहुणा, बैल घरचा.

बायका मैदानात दिसत नाहीत, असं का?

गर्दीत कमी दिसतात, खरं आहे. पण खोंडाला लहानपणी बाटलीनं दूध कुणी पाजलं, पहाटे भरडा कुणी भिजवला, लम्पीत गाठी कुणी शेकल्या, हे विचारलंत तर बहुतेक घरांत उत्तर एकच मिळेल. हरण्या आमच्या आईच्या हाकेला येतो, माझ्या नाही. अलीकडं पोरीही कासरा धरून बैल घेऊन मैदानात येतात. माझी पुतणी त्यातलीच.

पहिल्यांदाच बघायला येतोय. काय लक्षात ठेवू?

डोक्यावर टोपी, जवळ पाणी. तासाच्या कडेला किंवा झेंड्याच्या मागं कधीच उभे राहू नका. सुटलेली गाडी थांबायला झेंड्यापलीकडं बरीच जागा लागते, आणि बैलाला माणूस दिसत असला तरी वळता येत नाही. चित्रीकरणासाठी आत घुसणारी पोरं हीच आज मैदानावरची सगळ्यात मोठी भीती आहे. लहान मुलांना बांधावर, उंच जागी बसवा. बांधलेल्या बैलाजवळ मागून जाऊ नका, मालकाला विचारून पुढून जा आणि आधी त्याला तुमचा हात हुंगू द्या.

आणि फायनल संपल्यावर लगेच निघू नका. गर्दी पांगते, गुलाल खाली बसतो, मग हरलेल्या गाड्यांचे मालक आपापल्या बैलांना पाणी पाजायला घेऊन जातात. तेव्हा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहा. कुणीतरी तुम्हाला बैलाचं नाव सांगेल, त्याच्या आईचंही सांगेल.